रिकाम्या चौकटीचा बांध

आजचा विषय जाहीर झाल्यापासून तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला. सर, तुम्ही न्यायशास्त्र शिकवलंत, आणि आता सॉफ्टवेअरमधला एक बग आणि त्याची दुरुस्ती यावर तासभर बोलणार? हो, त्यावरच बोलणार आहे. या मालेत आपण कादंबरीची समीक्षा ऐकतो, नाटकाची ऐकतो. ज्या वस्तूसमोर आपण रोज सहा-सहा तास बसतो, तिची समीक्षा मात्र कोणी करत नाही. तिच्याबद्दल आपण तक्रार करतो. तक्रार म्हणते, हे चालत नाही. समीक्षेला त्यापुढं जावं लागतं. करणाऱ्यानं काय करायचं योजलं होतं, ते कुठं साधलं, कुठं फसलं, आणि फसलं ते कशामुळं, हे तिला विचारावं लागतं.

आपली वस्तू आहे ईमॅक्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा मजकूर लिहिण्याचा, संपादनाचा प्रोग्रॅम आहे, म्हणजे एडिटर. रिचर्ड स्टॉलमन यांनी आजचा, ग्नू ईमॅक्स म्हणून ओळखला जाणारा अवतार १९८४ मध्ये लिहायला घेतला, आणि तो आजही जिवंत आहे, वाढतो आहे. चाळीस वर्षं टिकलेलं सॉफ्टवेअर म्हणजे, काय सांगू, आपल्याकडच्या वाड्यासारखं असतं. प्रत्येक पिढीनं एक खोली वाढवलेली, एक भिंत पाडलेली. मी त्यात लिहितो ते संस्कृत अवतरणं आणि टिपा नीट सांभाळता येतात म्हणून. प्रोग्रॅमर मी नाही. पण ईमॅक्सचा बराचसा भाग लिस्प नावाच्या भाषेत आहे, आणि ते लिखाण उघडून वाचता येतं. ज्याला टीकाग्रंथ वाचायची सवय आहे त्याला तेही थोडंफार वाचता येतं, बरं का. सूत्र, त्यावर भाष्य, मध्येच एखादी टिप्पणी की हे असं का केलं. रचना ओळखीची वाटते.

या वाड्यातली एक खोली म्हणजे कस्टमाइझ. पेर आब्राहामसेन यांनी ती बांधली आणि १९९७ मध्ये, ईमॅक्सच्या विसाव्या आवृत्तीत ती सगळ्यांसाठी खुली झाली. तोवर ईमॅक्समध्ये काही बदलायचं तर लिस्पमध्ये ओळी लिहायला लागायच्या. या खोलीनं सांगितलं की तुम्हाला लिस्प येत नसलं तरी चालेल. इथं बटणं आहेत, खुणेचे चौकोन आहेत, आणि रिकाम्या चौकटी आहेत. चौकटीत हवं ते लिहा, पुढचं आम्ही बघतो. पुढं २०१२ मध्ये, चोविसाव्या आवृत्तीत, थीमची सोय सुटसुटीत झाली. थीम म्हणजे रंगसंगतीचा संच: अक्षरं कोणत्या रंगाची, मागची बाजू कोणती, चूक दाखवायची ती कशा रंगात. अशी थीम स्वतः घडवायची असेल तर त्यासाठीही एक पडदा आहे. वर थीमचं नाव लिहायची चौकट, खाली वर्णनाची चौकट, आणि मग रंगांची रांग.

आज मला बोलायचं आहे ते या चौकटीबद्दल. टेक्स्ट फील्ड. अगदी क्षुल्लक गोष्ट वाटते, नाही का?

आता फील्ड म्हणजे शेत. हा शब्द मी पकडून ठेवणार आहे, कारण इंग्रजीत तो झिजून गेला आहे आणि मराठीत आणल्यावर पुन्हा जागा होतो. शेत म्हटलं की आपल्याकडं पहिला प्रश्न पिकाचा येत नाही, बांधाचा येतो. बांध कोणाचा, कोणी कोरला, बांधावरची बाभळ कोणाची. दोन भावांच्या वाटण्या होतात, शेतं कागदावर वेगळी होतात, पण जमीन एकच असते. माती इकडची तिकडं जाते. दरवर्षी नांगर वीतभर आत सरकतो.

ईमॅक्समधली चौकट नेमकी अशी आहे. इतर बहुतेक प्रोग्रॅमांत लिहायची चौकट ही वेगळी वस्तू असते, पडद्यावर ठेवलेली एक पेटी. तिच्यातला मजकूर तिच्यात, बाहेरचा बाहेर. ईमॅक्समध्ये तसं नाही. तिथं सगळा पडदा म्हणजे एक सलग मजकूर आहे. 'थीमचं नाव' हे लेबलही मजकूर, त्यापुढची चौकटही मजकूर, त्यानंतरची सूचनाही मजकूर. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकच ओळ धावते. त्यातल्या एका तुकड्यावर पारदर्शक कागदासारखं एक आवरण घातलेलं असतं, आणि ते आवरण म्हणतं, इथून इथपर्यंत तुमचं. बाहेर काही टाइप करायला गेलात तर संदेश येतो की तुम्ही संपादनाच्या चौकटीबाहेर बदल करू पाहताय. दोन चौकटींवर पसरेल असा बदल केलात तर दुसरा संदेश येतो, बदल एकाच चौकटीत ठेवा. म्हणजे तलाठी जागा आहे. पण बांध मातीचाच आहे, आणि शेजारच्या शेताची मातीही तीच आहे.

याचे परिणाम गमतीचे आहेत. अशा चौकटी कशा वापराव्यात याची जी अधिकृत माहितीपुस्तिका आहे तिच्यात एक इशारा दिला आहे: चौकट दुसऱ्या चौकटीला किंवा बटणाला थेट चिकटून ठेवू नका, मध्ये काहीतरी मजकूर हवाच. आणि चौकटीच्या आधीही काहीतरी मजकूर हवा. एखादा शब्द, एखादी मोकळी जागा, काहीही. नाही ठेवलंत तर ते चालणार नाही, इतक्या स्पष्ट शब्दांत. आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. बांधाला स्वतःची रुंदी लागते. शून्य रुंदीचा बांध नकाशावर असतो, रानात नसतो.

आता येतो खरा पेच, रिकाम्या चौकटीचा.

समजा चौकटीत काहीच लिहिलेलं नाही. मजकूर शून्य. मग आवरण कशावर घालायचं? सुरुवात आणि शेवट एकाच बिंदूवर येतात. कर्सर तिथं नेला तरी तो चौकटीच्या आत आहे की बाहेर, हे ठरवायला काही आधार राहत नाही. म्हणजे ज्या चौकटीत अजून काही लिहिलेलं नाही, नेमकी तीच लिहिता येण्याजोगी उरत नाही! यावर केलेला इलाज प्रोग्रॅममध्ये दिसतो. रुंदी ठरवून दिलेल्या चौकटीच्या शेवटी प्रोग्रॅम स्वतःहून एक जास्तीची मोकळी जागा टाकतो, एक स्पेस. शेजारी टिप्पणी आहे, तिचा आशय असा की ही शेवटची जागा चौकटीचा भाग नव्हे, पण ती नसेल तर चौकटीतल्या कळा नीट काम करणार नाहीत. आणि ही जागा घालायची की नाही हे ठरवणाऱ्या कळीच्या वर्णनात सांगितलं आहे की जागा घातली नाही तर शून्य लांबीची चौकट संपादित करणं अशक्य होईल.

मी हे वाचलं तेव्हा खुर्चीत सरळ बसलो. कारण हा प्रश्न आमच्या शास्त्रात फार जुना आहे. वैशेषिकांच्या पदार्थांच्या यादीत सातवा पदार्थ अभाव. जमिनीवर घट नाही, असं आपण म्हणतो. इथं तीन गोष्टी लागतात असं नैयायिक सांगतात. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, म्हणजे घट. जिथं अभाव तो अनुयोगी, म्हणजे जमीन. आणि स्वतः अभाव. जमीनच काढून घेतली तर 'घट नाही' हे वाक्य कशाबद्दल राहील? अभावालाही अधिकरण लागतं. शेवटी जोडलेली ती एक स्पेस म्हणजे रिकामेपणाला दिलेलं अधिकरण आहे. लिहिणाऱ्यानं न्यायशास्त्र वाचलेलं नसणार, वाचायची गरजही नाही. अडचण खरी असली की माणूस तिथं पोचतोच. ही दुरुस्ती मला सुंदर वाटते, आणि तिच्या शेजारची टिप्पणी त्याहून सुंदर, कारण ती प्रामाणिक आहे. हा भाग शेताचा नाही पण शेतासाठी आवश्यक आहे, असं ती म्हणते. बांधाची याहून चांगली व्याख्या मला करता येणार नाही.

पण इथंच दुसरा बग जन्माला येतो.

रुंदी ठरवून दिलेली चौकट पडद्यावर त्या रुंदीची दिसली पाहिजे. तुम्ही चार अक्षरं लिहिली आणि चौकट दहाची असेल, तर उरलेल्या सहा जागा प्रोग्रॅम स्पेसनं भरतो. अक्षर वाढलं की भरलेली एक स्पेस काढून घेतो, अक्षर खोडलं की एक घालतो. तुम्हाला वाटतं चौकट स्थिर आहे. प्रत्यक्षात तुमच्या मागं कोणीतरी सतत माती लोटतंय. आणि चौकटीतला मजकूर वाचून घ्यायची वेळ आली की शेवटच्या सगळ्या स्पेस छाटून टाकतो. सगळ्या. प्रोग्रॅमनं भरलेल्याही आणि तुम्ही मुद्दाम टाइप केलेल्याही. कारण त्याला त्या वेगळ्या ओळखताच येत नाहीत. भरणीची स्पेस आणि लिहिलेली स्पेस एकाच मातीच्या.

मीमांसकांनी अनुपलब्धी नावाचं प्रमाण मानलं, विशेषतः कुमारिलांच्या परंपरेत. एखादी वस्तू दिसत नाही यावरून ती नाही असं कळतं. लगेच आक्षेप आला: मग झाडावरचं पिशाच दिसत नाही, म्हणून ते नाही असं म्हणणार का? उत्तर असं की न दिसण्यावरून अभाव कळतो तो फक्त त्याच वस्तूचा, जी असती तर दिसली असती. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. घट असता तर दिसला असता, म्हणून घट नाही हे ठरतं. पिशाच असतं तरी दिसलं नसतं, म्हणून न दिसण्यावरून काहीच ठरत नाही. ओळीच्या शेवटची स्पेस हे संगणकातलं पिशाच आहे. [हशा] हसू नका, ज्यानं कोणी पासवर्डच्या शेवटी चुकून स्पेस दिली आहे त्याला विचारा.

छाटणीचं हे धोरण बरोबर की चूक? माझं मत, रंगाच्या चौकटीत बरोबर. रंगाच्या नावाला शेवटी स्पेस लागत नाही. पण हीच चौकट जिथं तुमच्याकडून एखादी खूण, एखादा विभाजक घेते, आणि तुम्हाला स्वल्पविरामानंतर एक स्पेस हवी आहे, तिथं ही छाटणी तुमचं लिहिलेलं गिळून टाकते आणि सांगतही नाही. गिळायला माझी फारशी हरकत नाही, न सांगण्याला आहे. सुदैवानं रुंदी न ठरवलेली चौकट ओळीच्या शेवटापर्यंत पसरते, तिला भरणी लागत नाही, आणि तिथं तुमची स्पेस टिकते. तेव्हा जिथं स्पेसला अर्थ आहे तिथं चौकटीची रुंदी ठरवू नये, हा साधा नियम निघतो. तो पडदा घडवणाऱ्यानं लक्षात ठेवायचा असतो. वापरणाऱ्याच्या डोक्यावर तो टाकून उपयोगी नाही.

जाता जाता आपल्या घरचा मुद्दा. ही रुंदी अक्षरांच्या मोजणीवर चालते. 'रात्री' हा शब्द तुम्हा-आम्हाला दोन अक्षरांचा. या मोजणीत तो सहा भरतो, र, काना, त, हलन्त, र, आणि वेलांटी. पडद्यावर मात्र तो दोन-तीन अक्षरांचीच जागा घेतो. म्हणून देवनागरी लिहिलं की ठरीव रुंदीची चौकट आक्रसल्यासारखी दिसते आणि बांध आत सरकतो. मोठं संकट नाही. पण मोजणारा कोणत्या लिपीत वाढला ते कळतं.

आता ज्या दुरुस्तीसाठी हे सगळं सांगितलं ती. रंगाची चौकट. थीम घडवताना रंग लिहायचा तो असा: 'रंग', मग चौकट, आणि तिच्या शेजारी कंसात 'नमुना' हा शब्द त्याच रंगात रंगवलेला. तुम्ही टाइप करता तसा नमुना बदलतो. अर्धवट नाव लिहिलेलं असेल, ज्या नावाचा रंगच नाही असं काही असेल, तर नमुना साध्या अक्षरात दिसतो, ओरडत नाही. फार सभ्य रचना आहे ही.

रंग दोन तऱ्हांनी लिहितात. एक म्हणजे नावानं, ब्लॅक, रेड वगैरे. दुसरं आकड्यांनी: आधी # ही खूण आणि पुढं लाल, हिरवा, निळा यांचे आकडे. प्रत्येकाला जास्तीत जास्त चार, म्हणजे बारा, आणि खुणेसकट तेरा. पूर्वी या चौकटीची रुंदी एक ठरावीक लहान आकडा होती. कोणीतरी कधीतरी डोळ्यांच्या अंदाजानं टाकलेला. छोटी नावं मावायची. पण रंगांच्या यादीत 'लाइट गोल्डनरॉड यलो' असाही एक रंग आहे, इंग्रजीत लिहिला की मधल्या जागांसकट बावीस अक्षरांचा. तो लिहिला की चौकट फुगायची, शेजारचा नमुना उजवीकडं ढकलला जायचा, आणि एकाखाली एक असलेल्या रांगा वेड्यावाकड्या व्हायच्या. काही बिघडायचं नाही, रंग लागायचा. पण वीस रंगांच्या रांगेत एकच नमुना रांग सोडून उभा राहिला की डोळा तिथं अडखळतो, आणि रंगसंगती जुळवायचं काम तर डोळ्याचंच.

यावर सोपी दुरुस्ती काय होती? आकडा वाढवा. पंचवीस करा, तीस करा. सरकारी फॉर्मवर नावासाठी चौकोन वाढवतात तसं. आणि मग कधीतरी एकतीस अक्षरांचं नाव येतं. इथं दुरुस्ती करणाऱ्यानं ते केलं नाही. त्यानं असं लिहिलं: ज्या रंगांची नावं या यंत्राला माहीत आहेत त्या सगळ्यांच्या लांब्या काढा; त्यांत तेरा हाही एक आकडा धरा; त्यांतली सर्वांत मोठी लांबी घ्या; आणि तिच्यात एक मिळवा. तेराच्या शेजारी टिप्पणी आहे की आकड्यांनी लिहिलेला सर्वांत लांब रंग एवढा असतो. शेवटचा एक कशासाठी, हे तुम्ही आता स्वतः सांगू शकता. भरलेल्या चौकटीतही शेवटी कर्सरला उभं राहायला जागा हवी.

एका ओळीची दुरुस्ती आहे. आधीचा आकडा कुठून आला हे कोणालाही सांगता आलं नसतं. नवा आकडा विचारला तर उत्तर देतो. समीक्षक म्हणून मी याला गुण देईन ते एवढ्यासाठी, की यात मोजमाप वस्तूकडून घेतलं आहे. शिंपी गिऱ्हाइकाच्या अंगाला फीत लावतो तसं.

मग त्याच वाड्यात, दोन खोल्या सोडून, असा शिंपी का नाही? थीमच्या नावाची चौकट बघा.

तुम्ही नवी थीम घडवताय. वर नावाची चौकट आहे. ती काही बोलत नाही. तुम्ही मोठ्या उत्साहानं लिहिता, 'रात्रीचा रंग'. चौकट घेते. खाली वर्णनात प्रोग्रॅमनं आधीच आजची तारीख घालून एक वाक्य लिहून ठेवलेलं असतं, ते तुम्ही बदलता, तेही ती घेते. मग तासभर रंग जुळवता. शेवटी जतन करा म्हणता, आणि तेव्हा कळतं की थीमच्या नावात मोकळी जागा चालत नाही. 'यूजर' आणि 'चेंज्ड' ही दोन नावंही चालत नाहीत, ती राखीव आहेत. रंगांचं काम वाया जात नाही, नाव बदलून पुन्हा जतन करता येतं. पण जो नियम पहिल्या मिनिटाला लागू होता तो साठाव्या मिनिटाला सांगितला.

नियमाला कारण आहे, ते मला मान्य आहे. ते नाव लिस्पमध्ये एक चिन्ह बनतं आणि त्यावरून फाइलचं नावही तयार होतं. देवनागरीला या नियमाची आडकाठी नाही, फक्त जोडून लिहा. पण ही अट चौकटीच्या तोंडावर कुठं दिसते? चौकट दिसायला अशी, की इथं काहीही लिहा. तिला हवं होतं मात्र एक विशिष्ट जातीचं नाव. बांध कुठं आहे ते न दाखवता ओलांडल्याचा दंड, असा हा प्रकार. आणि गंमत बघा, चौकट रिकामी ठेवलीत तर प्रोग्रॅम जास्त सौजन्यानं वागतो. जतन करताना पुन्हा नाव विचारतो आणि तुमचं लॉगिनचं नाव सुचवतो. ज्यानं काही लिहिलं नाही त्याला मदत, ज्यानं लिहिलं त्याला दटावणी! परीक्षेत कोरा पेपर देणाऱ्याला आम्ही असं वागवलं असतं तर बरेच लोक पास झाले असते.

आता माझ्या डोळ्यांकडं येतो. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर पांढरा पडदा सहन होईना. डॉक्टर म्हणाले, मागची बाजू काळी करा, अक्षरं मंद ठेवा. मी या कस्टमाइझच्या खोलीत बसून तशी थीम केली. गडद मागची बाजू, राखाडीकडं झुकणारी मऊ अक्षरं. लिहिताना फार बरं वाटलं. मग पुढचा रंग बदलायला चौकटीत गेलो तर चौकटीतली अक्षरं दिसेनात.

का? कारण चौकटीचं स्वतःचंही एक रूप असतं आणि तेही थीमच्या ताब्यात येतं. ईमॅक्समध्ये त्या रूपाची मूळ व्याख्या अशी आहे: पडद्याची बाजू उजळ असेल तर चौकटीची मागची बाजू फिकट राखाडी, गडद असेल तर काळपट राखाडी. अक्षराच्या रंगाबद्दल मात्र ही व्याख्या गप्प आहे. अक्षर येतं ते माझ्या मुख्य रंगाकडून, म्हणजे माझ्या मऊ राखाडीकडून. राखाडीवर राखाडी. गंमत म्हणजे याच व्याख्येत साध्या टर्मिनलसाठी वेगळी सोय आहे, पिवळट मागची बाजू आणि काळं अक्षर. दोन्ही सांगितलेली. म्हणजे करणाऱ्याला कळत होतं की मागची बाजू सांगितली की अक्षरही सांगायला हवं. एका ठिकाणी पाळलं, दुसऱ्या ठिकाणी दैवावर सोडलं. बहुतेकांना खटकत नाही, कारण बहुतेकांची अक्षरं एकतर कुळकुळीत असतात नाहीतर पांढरी शुभ्र. मधल्या छटेचा माणूस म्हणजे थकल्या डोळ्यांचा माणूस. थीम ज्याला गरज म्हणून लागते तोच नेमका यात सापडतो.

इलाज होता, आणि तो याच खोलीत होता, हे सांगितलं पाहिजे. प्रत्येक रूपाच्या प्रत्येक गुणधर्माशेजारी एक खुणेचा चौकोन असतो. खूण केलीत तर तुम्ही काहीतरी सांगितलंत. खूण नसेल तर 'मी याबद्दल काही बोलत नाही, वरून येईल ते येऊ दे'. चौकटीच्या रूपात अक्षराच्या रंगावर मी खूण केली, काळा रंग दिला, मागची बाजू फिकट केली, आणि दिसायला लागलं.

हा खुणेचा चौकोन मला या सगळ्या पडद्यातली सर्वांत विचारी गोष्ट वाटते. 'काही नाही' याचे दोन अर्थ तो वेगळे ठेवतो. आतल्या भाषेतही हा भेद आहे: न सांगितलेलं यासाठी एक खास शब्द आहे, आणि 'नील' म्हणजे शून्य हा वेगळा. लोक पूर्वी सर्रास एकाच्या जागी दुसरा वापरत. अलीकडच्या आवृत्त्या त्यावर इशारा देतात की इथं नील चालणार नाही, 'अनिर्दिष्ट' म्हणा. तर्कसंग्रह वाचलेल्या विद्यार्थ्यांना आठवत असेल: प्रागभाव म्हणजे अजून झालेलं नाही, प्रध्वंसाभाव म्हणजे होतं ते गेलं. घट घडायच्या आधी नसणं आणि फुटल्यावर नसणं, डोळ्यांना जमीन सारखीच रिकामी दिसते. कुंभाराला विचारा, एक आहे का दोन्ही. चौकटीत कधी काही लिहिलं नाही, आणि लिहून खोडलं, यांतला फरक प्रोग्रॅमनं राखला नाही तर तो माझा हेतू गमावतो.

कोणी म्हणेल, मग ही सगळी एकाच मातीची रचना टाकून द्यावी आणि इतरांसारखी पेटी आणावी. मी याच्या विरुद्ध आहे, आणि माझं कारण पुण्याचं आहे. टी. व्ही. रामन हे पुण्यात वाढले, वाडिया महाविद्यालयात गणित शिकले, पुढं मुंबईच्या आयआयटीत. किशोरवयातच त्यांची दृष्टी गेली. त्यांनी १९९५ मध्ये ईमॅक्सस्पीक प्रसिद्ध केलं, ईमॅक्सला आवाज देणारी व्यवस्था. पडदा वाचून दाखवणारे इतर प्रोग्रॅम बाहेर उभे राहून पडद्यावर काय दिसतं ते सांगतात. ईमॅक्सस्पीक ईमॅक्सच्या आतच बसतं आणि आतल्या घडामोडींनाच बोलायला लावतं. हे इतकं जमलं याचं एक कारण माझ्या मते हेच, की इथं सगळं मजकूर आहे. लेबल मजकूर, चौकट मजकूर, बटणही मजकूर. या पडद्यात शब्द शोधता येतो, ओळ उचलून दुसरीकडं नेता येते. बंद पेटी हे देत नाही. पण मग बांधाची जबाबदारी वाढते, कारण ज्याला चौकटीची राखाडी पट्टी दिसत नाही त्याच्यासाठी चौकट कुठं संपते हे फक्त त्या आतल्या आवरणाकडूनच कळणार. तिथं एक स्पेस इकडची तिकडं झाली तर त्याला डोळ्यांनी सावरून घेता येत नाही.

वेळ झाली आहे. एक चिठ्ठी आली आहे ती वाचतो: 'सर, एवढी कटकट कशाला, थीमची फाइल सरळ हातानं का लिहू नये?'

लिहावी की. ज्याला येतं त्यानं जरूर लिहावी, मीही आता दोन-चार ओळी हातानं बदलतो. पण १९९७ मध्ये ही खोली बांधली गेली ती ज्याला येत नाही त्याच्यासाठी, आणि त्यालाच शेवटच्या पायरीवर सांगायचं की नाव जोडून लिही, हे मला पटत नाही. काम मोठं नाही. टाइप होत असताना प्रत्येक बदलाची खबर मिळायची सोय चौकटीत आहे, रंगाचा नमुना तिच्यावरच चालतो. तीच खबर नावाच्या चौकटीनं घ्यायची, मोकळी जागा पडली की शेजारी चार शब्द दाखवायचे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला लिस्प येतं, त्याला मी हे कागदावर काढून दिलं आहे. त्यानं विचारलं, चार शब्द कोणते लिहू? मी म्हटलं, 'नाव जोडून लिहावे लागते'. तो म्हणाला, इंग्रजीत लागतील. ते अजून ठरायचं आहे. दुसरी चिठ्ठी आहे का कोणाची?